सुग्रीवची तहान

आमच्या दुकानात येऊन पाणी न पिता जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे सुग्रीव.

आमचं किराणा दुकान आष्टीत, बाजाराच्या रस्त्याला. माझे वडील शिवलिंगप्पा यांनी ते थाटलं तेव्हा तराजूच्या आधी दारात माठ मांडला होता, असं ते स्वतःच अभिमानानं सांगायचे. उन्हातून आलेलं माणूस आधी पाणी पिईल, जरा टेकेल, दोन शब्द बोलेल आणि मग काय हवं ते सांगेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यामागे दुकान माझ्याकडे आलं आणि माठही आला. पुढे दुकानात काय काय आलं! शांपूच्या पुड्यांच्या माळा आल्या, काळ्या गोड पाण्याच्या बाटल्यांचे खोके आले, त्या बाटल्या गार करायला फ्रीज आला. माझी बायको म्हणाली, आता हा माठ काढा, जागा अडते. मी म्हणालो, फ्रीज काढीन पण माठ काढणार नाही. या एका बाबतीत मी वडिलांइतकाच हट्टी निघालो.

तर असल्या दुकानात सुग्रीव यायचा. जातीचा धनगर, चालत यायच्या अंतरावर त्याची वाडी. काटक अंगाचा, खांद्यावर घोंगडी, आणि बोलणं इतकं बेताचं की समोरच्याला वाटावं, आपणच उगाच बडबड करतोय. त्याचं-माझं वय सारखंच, पन्नाशी ओलांडलेलं. बाजाराच्या दिवशी तो चहापत्ती, गूळ आणि तंबाखू न्यायचा. मी तांब्या पुढे करायचो आणि तो हात जोडायचा.

"नगं, अप्पा. मेंढरं अजून कोरडी हायेत."

मेंढरं वाडीवर, हा माझ्या दारात आणि पाणी माठात. यांचा एकमेकांशी काय संबंध, ते मला कळेना. मग एकदा मी त्याला बसवूनच घेतलं आणि विचारलं. त्याच्या बापानं त्याला एक रीत घालून दिली होती. सकाळी उठून चूळ भरायची, पण मेंढरांनी पाणी प्यायल्याशिवाय आपण घोट घ्यायचा नाही. कळप तळ्यावर न्यायचा, शेवटचं कोकरू पिऊन बाजूला झालं की मग आपण वाकायचं. संध्याकाळीही तसंच.

"पण असं का?" मी विचारलं.

"मपला गळा सुकला तरच त्यायचा सुकलाय ते कळतं. मी आधी पिऊन बसलो तर इसरून जाईन. मेंढरं काय बोलून दाखवतेत का?"

मला त्याचा रागच आला. चहाला मात्र त्याची ना नव्हती. चहा म्हणजे पाणी नव्हे, असं तो गंभीरपणे सांगायचा. नगरकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी मी तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्याही ठेवायला लागलो होतो. सुग्रीवनं त्यातली एक उचलून उजेडात धरली, हलवली, पुन्हा ठेवली.

"निस्तं पाणीच हाय का ह्यात?"

"निस्तं पाणी."

"आन् लोक इकत घेतेत?"

"घेतात."

त्या दिवशी तो मला चक्क हसताना दिसला.

मग एका हिवाळ्यात सुग्रीवच्या कमरेत कळ निघाली. ताराबाई, त्याची बायको, त्याला काळ्या-पिवळ्या जीपमध्ये घालून आष्टीला घेऊन आली. त्रिंबक डॉक्टरांचा दवाखाना माझ्या दुकानासमोरच आहे. मी गल्ल्यावर बायकोला बसवलं आणि मागोमाग आत शिरलो. बोलावलं कुणी नव्हतं, पण मला राहवत नाही.

डॉक्टरांनी तपासलं, काही प्रश्न विचारले आणि सांगितलं, मुतखडा आहे. अजून बारीक आहे. पाणी भरपूर प्यायलं तर आपसूक पडून जाईल.

"लघवी पिवळी होते का?"

सुग्रीवनं खाली बघत सांगितलं, "मेंढरायची कशी होती ते सांगतो. मपली कोन बघतंय?"

"आता बघायची," डॉक्टर म्हणाले. "पिवळी दिसली की समजायचं, पाणी कमी पडलंय. पाण्यासारखी दिसेपर्यंत प्यायचं. सकाळपासून, थोडं थोडं, दिवसभर. तहान लागायची वाट बघायची नाही. वय झालं की तहान लागेनाशी होते. शरीराला पाणी हवं असतं, पण गळा सांगत नाही."

सुग्रीवनं मान डोलावली. ताराबाई मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिली होती. ठेंगणी, चटपटीत बाई. तिला काही पटलं की ती खालचा ओठ आत घेते. तसा तिनं घेतला.

घरी गेल्यावर सुग्रीवनं सगळं पथ्य पाळलं, फक्त पाणी सोडून. बाटलीतलं औषध वेळच्या वेळी घेतलं. ताराबाईनं हुलग्याचं माडगं करून दिलं, ते सकाळी वाटीभर प्यायला. हुलगे मुतखड्यावर चांगले, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. पण पाण्याचं नाव काढलं की जुनंच पालुपद. मेंढरं कोरडी हायेत. मी त्याला समजावलं, रागावलो, एकदा तर दुकानात दहा माणसांदेखत तांब्या त्याच्या हातात कोंबला. त्यानं तो घेतला, रस्त्यावरच्या कडुनिंबाच्या रोपाला घातला आणि तांब्या विसळून परत दिला. मी दोन बाजार त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंही नसावं, कारण तो तसाही बोलत नव्हता.

उन्हाळा लागला. तळं आटलं आणि पाणी लांब गेलं. सुग्रीव मेंढरं घेऊन सकाळी निघायचा आणि उन्हं कलल्यावर कुठेतरी पाण्याला लागायचा. तोवर त्याचा गळाही कोरडाच.

पुढची हकीकत मला अर्जुनरावांनी सांगितली. अर्जुनराव म्हणजे त्या शिवारातले विहीरवाले शेतकरी. तोंडानं फटकळ आणि आवाज असा की बांधावरून बोलले तरी गावात ऐकू यावं. एका दुपारी त्यांच्या घासाच्या, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या, वाफ्यात मेंढरं शिरली. ते काठी घेऊन धावत गेले. बघतात तर लिंबाखाली सुग्रीव पोटाशी गुडघे घेऊन पडलेला, घामानं चिंब आणि तोंड पांढरंफटक.

"मी म्हनलो, काय बे, काय झालं? तर ह्याला बोलता येईना. मी पळत जाऊन कळशी आनली, तोंडाला लावली. तर हा बाबा तोंड फिरवतोय. म्हनतोय, आधी मेंढरं. आता ह्याला हाणावं का उचलावं, सांगा!"

अर्जुनरावांनी दोन्ही केलं नाही. शिव्या घालत घालत त्यांनी सगळा कळप घासातून काढला आणि स्वतःच्या विहिरीवर नेला. नशिबानं वीज होती. मोटर चालू केली, हौद भरला, आणि मेंढरं तुटून पडली. शेवटचं कोकरू बाजूला झाल्यावर अर्जुनराव कळशी घेऊन परत आले, तेव्हा कुठे सुग्रीवनं तोंड उघडलं.

"इतका राग आलता मला," अर्जुनराव म्हणाले, "आन् घासाचं बोलायचं राहूनच गेलं."

या वेळी त्याला नगरला न्यावं लागलं. तिथे सोनोग्राफी झाली. खडा मोठा झाला होता, आणि शेजारी दुसरा धरत होता. इंजेक्शनांनी कळ थांबली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता महिना-दीड महिना पाणी पिऊन बघा. उतरला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर उन्हातान्हात मेंढरांमागे फिरणं विसरा.

परळीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करणारा त्याचा मुलगा माऊली रजा काढून आला. पोरगा गुणी आहे. बापाची काळजी त्याच्या तोंडावर दिसत होती. त्यानं आल्या आल्या मेंढरांचा व्यापारी शोधला आणि पुढच्या बाजाराला वाडीवर यायला सांगितलं. कळप विकायचा आणि आई-बापांना परळीला न्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

ही बातमी मला लागली. सुग्रीव मेंढरांशिवाय मला डोळ्यांसमोर आणता येईना. परळीला राखेची धूळ उडणाऱ्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीच्या दारात, खांद्यावर घोंगडी घेऊन तो नुसता बसला असेल, हे मला बघवणार नव्हतं. मी संत्री घेतली आणि बाजाराच्या आदल्या दिवशी वाडीवर गेलो.

सुग्रीव छपरात बाजेवर पडून होता. उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या, झाकण घातलेला. माऊली माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमीच सांगा, अप्पा. सकाळपासून हात लावला न्हाई. आमी सांगून थकलो."

"मेंढरं आली का?" सुग्रीवनं विचारलं.

तो पडल्यापासून मेंढरं ताराबाई फिरवत होती. थोड्या वेळानं घंटेचा आवाज आला, आणि कळप अंगणात शिरला. सगळ्यांत पुढे चांदी. ही त्याची जुनी मेंढी, कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात घंटा. बाकीची तिच्यामागे चालायची. ताराबाईनं काठी भिंतीला टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि थेट बाजेपाशी आली.

"उद्या यापारी येतोय म्हनून बोलते," ती म्हणाली. "न्हाईतर बोलले नसते."

सुग्रीव उठून बसला.

"मी पंधरवडा झाला मेंढरं नेतीय. पहिल्या दिवशी मी तुमच्याच वाटेनं गेले. उन्हं वर आली न्हाईत तवर ही चांदी फिरली. मी वळवली, पुन्ना फिरली. तिसऱ्यांदा मी म्हनलं, जा बाई कुठं जायचंय तुला. तर नीट अर्जुनरावाच्या इहिरीवर गेली. समदी मेंढरं मागं. हौदाला अशी भिडली की एक कोकरू आत पडलं. रोज तेच. तुमी ज्या येळंला त्यायला पाण्यावर नेता ना, त्याच्या आधी दोन डाव पितेत ती."

"आसं कसं?" सुग्रीव म्हणाला. "मपला गळा—"

"तुमचा गळा आता खरं सांगत न्हाई." ताराबाई हे अगदी शांतपणे म्हणाली. "डाक्टर काय म्हनले, ध्यानात हाय का? वय झालं की तहान लागत न्हाई. तुमाला तहान लागती तवर मेंढरं तहानेनं निम्मी झालेली असतेत. औंदा कोकरायला दूध पुरंना, तर तुमी चाऱ्याला बोल लावला. चारा व्हता. पाणी नव्हतं."

माऊलीनं वळून अंगणातल्या मेंढरांकडे बघितलं.

सुग्रीव बाजेवरून खाली उतरला. भिंत धरत धरत अंगणात गेला आणि चांदीजवळ उकिडवा बसला. त्यानं तिच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला. मग एका दूध पिणाऱ्या कोकराच्या आईची कास हातात घेऊन बघितली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बापानं दिलेली रीत त्यानं जन्मभर पाळली होती, तीही मेंढरांसाठी, आणि त्याच रितीनं मेंढरं तहानेली राहिली होती. मला इतकं वाईट वाटलं की संत्र्यांची पिशवी हातातच राहिली.

"आता कसं करायचं?" त्यानं ताराबाईला विचारलं. जन्मात पहिल्यांदा विचारलं असेल.

"चांदी सांगंल तवा पाण्यावर न्यायचं. ती फिरली की फिरायचं. समदी पिली की तुमी प्यायचं. आज समदी अर्जुनरावाच्या हौदावर पिऊन आल्यात. तुमचा तांब्या तिथं हाय."

सुग्रीव आत आला. झाकण काढलं. तांब्या उचलून घटाघटा प्यायला, आणि रिकामा तांब्या माऊलीपुढे धरला. माऊलीनं भरून आणला. तोही प्यायला.

"यापाऱ्याला काय सांगू?" माऊलीनं विचारलं.

"पाऊस पडूस्तोवर थांब म्हनावं," सुग्रीव म्हणाला. "मग पोटाचा फोटो काढू पुन्ना. खडा असला तर इकू."

माऊली बापाच्या काळजीनं आलेला, त्याला लगेच पटलं नाही. पण आईनं त्याच्याकडे बघितलं आणि तो व्यापाऱ्याला निरोप द्यायला सायकल काढून निघाला. जाताना माझी संत्री मात्र त्यानं माझ्या हातून घेतली, त्यामुळे मी तरी मोकळा झालो.

अर्जुनरावांचा हौद रोज लागणार, म्हणून सुग्रीव त्यांच्याकडे बोलायला गेला. अर्जुनरावांनी आधी घासाच्या नुकसानीवरून पोटभर आरडाओरडा केला. मग म्हणाले, पेरणीच्या आधी तुझी मेंढरं माझ्या रानात बसव, खत होईल, आणि पाणी लागेल तेवढं ने. मेंढरं रानात बसवायची आणि बदल्यात काही घ्यायचं, हा आमच्याकडचा जुनाच रिवाज. लोक धान्य देतात, अर्जुनरावांनी पाणी दिलं.

त्यानंतर मला दुकानात एक गंमत जाणवायला लागली. आमच्याकडे तेव्हा सगळे पिशवीतलं बारीक मीठ न्यायला लागले होते. खडे मिठाचं पोतं फळीखाली पडून असायचं आणि पावसाळ्यात पाझरून जमीन ओली करायचं. मी ते बंदच करणार होतो. पण ताराबाई बाजाराला यायची आणि खडे मीठ मागायची. घरात माणसं दोन, आणि मीठ लग्नघराला लागेल एवढं.

"लोणचं घालताय का?" मी एकदा विचारलं.

"व्हय," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधलं. तिच्या दारात आंब्याचं झाड नव्हतं, आणि आंब्यांचा हंगामही संपला होता. मेंढराला मीठ चारलं की त्याला पाणी जास्त लागतं, हे किराणा विकणाऱ्या माणसालाही समजतं. आणि जितक्यांदा मेंढरं पिणार, तितक्यांदा सुग्रीव पिणार. मी पोतं बंद केलं नाही.

पाऊस चांगला झाला. माऊली पुन्हा रजा काढून आला आणि बापाला नगरला घेऊन गेला. मी दिवसभर दुकानात होतो, पण लक्ष रस्त्यावर. मोठा खडा पडून गेला होता. दुसरा इतका बारीक झाला होता की डॉक्टर म्हणाले, असंच पाणी चालू ठेवा, ऑपरेशनचं नाव काढू नका. माऊली जीपमधून उतरून मला सांगायला आला आणि मी त्याच्या हातात गार बाटली ठेवली. सुग्रीव जीपमध्येच बसून राहिला. त्याला मेंढरांकडे जायची घाई होती.

पुढच्या बाजाराला तो कळप घेऊनच आला. अर्जुनरावांच्या रानातून पलीकडच्या शिवाराला निघाला होता, वाट माझ्या दारावरून. बाजाराची गर्दी, जीपचे भोंगे, आणि मध्ये मेंढरं. सगळ्यांत पुढची चांदी माझ्या दुकानासमोर आली आणि थांबली. तिनं फळीखाली मान घातली आणि मिठाच्या पोत्याला जीभ लावली.

मी हसून आत गेलो आणि मोठं घमेलं आणलं. माठ त्यात रिकामा केला. बायकोला हाक मारली, तिनं आतून हंडा आणला. मागून आणखी एक. चांदी प्यायली, मग बाकीची एकमेकांच्या अंगावर चढत प्यायली. रस्ता अडला, लोक ओरडायला लागले, एक जीपवाला खाली उतरला. सुग्रीव काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. शेवटचं कोकरू बाजूला होईपर्यंत तो हलला नाही.

मग तो माझ्या पायरीशी आला, वाकला आणि ओंजळ पुढे केली.

मी वडिलांचा तांब्या भरून आणला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या दारात पाणी पीत होता. तांब्या संपला.

"सुग्रीव," मी म्हणालो, "ताराबाई आजकाल मीठ लई नेतात रे."

त्यानं मिशा पुसल्या. "म्हाईत हाय. सकाळी मी पाठ फिरवली की चांदीला आन् समद्या मेंढरायला चारती. तिला वाटतं मला कळत न्हाई."

"मग बोलला नाहीस?"

"बोलू नका तुमी बी. बंद करंल ती. मेंढरायला सवय झालीया आता." आणि त्यानं पुन्हा ओंजळ धरली. "वता, अप्पा. अजून वता."